वरून पाणी

तांब्या ओठांपाशी आला आणि देविदासच्या हातानं तो परस्परच वर उचलला. मान मागं, तोंड उघडं, पाण्याची धार वरून घशात. आपण हे काय केलं, हे ध्यानात येईस्तोवर दोन घोट आत गेले होते. तिसऱ्याला ठसका लागला, पाणी नाकात चढलं, शर्टावर सांडलं. समोर करुणा खिरीचं पातेलं घेऊन उभी. बुद्ध पौर्णिमेची खीर, वसमतचं तिचं दोन खोल्यांचं घर, दाराशी तिच्या नवऱ्याच्या, रविंद्रच्या, चपला, सगळं दरसालसारखं होतं. फक्त या घरात आजवर तांब्याला तोंड लावूनच प्यालेला माणूस आज वरून पाणी प्याला होता. करुणानं ते बघितलं. तिच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ! तिनं पातेलं खाली ठेवलं, वाटी भरली, पुढं केली. "खीर नको मला," देविदास म्हणाला, "पोट बराबर न्हाई." "घासभर घ्या दादा. सणाचं न्हाई म्हणू नये." "न्हाई, नकोच." तिनं वाटी पुन्हा पातेल्यात ओतली. पोट कसंय, काय खाल्लं होतं, ओवा देऊ का, असं तिनं एक अक्षर विचारलं नाही. एरवी नुसती शिंक आली तर काढा करायला बसणारी बाई ती.

नको म्हणायला काय लागतं, असं लोक म्हणतात. जीव लागतो, हे त्याला हिंगोलीच्या परतीच्या गाडीत कळलं. खिडकीला टेकून तो बसला होता आणि जीभ टाळ्याला लावून बघत होता, खिरीची चव आठवते का. आठवत होती. वेलदोडा जास्त, गूळ कमी, आणि कुठंतरी तळाला लागल्याचा वास, करुणाची खीर दरवर्षी तळाला लागायची आणि दरवर्षी ती रविंद्रवर ढकलायची, "ह्यांनी गप्पांत गुतवलं म्हणून लागली." औंढ्याला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. कंडक्टर नवा पोरगा होता, देविदासला बघून त्यानं "मास्तर, तुमचं तिकीट कशाला" म्हणून हात जोडले. देविदास हिंगोलीच्या स्टँडवर कंट्रोलर होता आता, माईकवर गाड्या पुकारायचा, पण मास्तर हे नाव कंडक्टर असतानाचं, ते चिकटलं ते चिकटलंच. कंडक्टरला सगळं खातं मास्तर म्हणतं. रविंद्र ड्रायव्हर आणि देविदास मास्तर, सेनगाव-नांदेड, पाच वर्षं एकाच गाडीवर. ती गाडी कुठं भंगारात गेली असेल देव जाणे! तिचा दुसरा गिअर पडताना होणारा आवाज मात्र त्याच्या कानात अजून होता. रविंद्र त्या आवाजाला म्हणायचा, "बघ, म्हातारी खोकलली."

अन् आता हे रक्ताचं. चौदा एप्रिलला डेपोत रक्तदानाचं शिबिर होतं, मधली दोन-तीन सालं चुकली होती म्हणून देविदास यंदा हटकून पहिल्या खाटेवर आडवा झाला. मूठ उघडझाप करत, पिशवी भरताना बघत. त्याला ते बघायला आवडायचं, खोटं कशाला बोला. आपल्या अंगातून निघून कुणाच्या तरी उपयोगी पडणारी ती एकच गोष्ट होती त्याच्याजवळ. मग आठ-पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, नांदेडला येऊन भेटा. तिथं एका बाईनं त्याला पडद्यामागं नेलं, खुर्ची दिली आणि हळू आवाजात सांगितलं की, काका, तुमच्या रक्ताची चाचणी केली, त्यात सी प्रकारच्या काविळीचं दाखवतंय. घाबरू नका, डॉक्टरला दाखवा, पण पुन्हा रक्त देऊ नका. कावीळ? त्याचे डोळे पांढरेशुभ्र, लघवी साफ, भाकरी पचत होती. "मला तर काहीच तकलीफ न्हाई बाई." ती म्हणाली, हा रोग तसाच असतो, गुपचूप लिव्हरात बसून राहतो. "कवापासून असंल?" "ते सांगता येत नाही. दहा वर्षंसुद्धा असेल, वीससुद्धा." ती चांगली बाई होती, तिनं पाणी विचारलं. देविदासला मात्र ते दहा वर्षं एवढंच ऐकू आलं, कारण दहा वर्षांमागं त्याचं रक्त करुणाच्या अंगात गेलं होतं.

त्र्याण्णव साल. नांदेडला गाडी लावली तर स्टँडवर रविंद्रचा चुलता उभा, पागोटं हातात घेऊन. करुणाला सरकारी दवाखान्यात आणलंय, बाळंत झाली, पोरगी झाली, पण रक्त थांबेना. दोघं खाकीतच धावले. गाडी तशीच, तिकिटाची पेटी देविदासच्या गळ्यात. माहेरच्या-सासरच्या सगळ्यांचं रक्त तपासून झालं होतं, एकाचंही जुळत नव्हतं, ओ निगेटिव्ह पाहिजे होतं. "माझं बी बघा की," देविदास म्हणाला. नर्सनं पेटीकडं बघितलं, म्हणाली, आधी ती उतरवा. जुळलं! असं जुळलं की त्या नर्सनंच टाळी वाजवली. खाटेवर पडून त्यानं पिशवी भरून दिली, ती अजून कोमट होती तोवरच आत नेली. रविंद्र भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, त्यानं देविदासचा पाय धरला आणि सोडेचना. "अरे सोड येड्या, गाडी उभी हाय," असं देविदास म्हणत होता आणि स्वतःच रडत होता. त्या वेळी रक्त तपासलं नव्हतं असं नाही. तपासलं होतं, मोठ्या रोगाचं म्हणजे एड्सचं, दुसऱ्या काविळीचं. पण ह्या सीची तपासणी तेव्हा आपल्याकडं सुरूच झाली नव्हती. पिशवी चांगली म्हणून गेली. चांगलीच होती का? हा प्रश्न त्याच्या डोक्यात दिवसभर माईकवरच्या पुकाऱ्यासारखा परत परत यायचा, नांदेड गाडी फलाट तीन, चांगलीच होती का, परभणी गाडी फलाट एक, चांगलीच होती का.

करुणा उठली, हिंडाफिरायला लागली आणि पहिलं म्हणाली, "आता मला वहिनी म्हणायचं न्हाई. रगत दिलंय, बहीण म्हणा." पोरीचं नावही त्यालाच ठेवायला लावलं, त्यानं निलम ठेवलं, त्याच्या तांड्यात तेव्हा तेच नाव नवं होतं. आणि मग करुणाची थट्टा सुरू झाली ती आजतागायत. लाल मिरचीची चटणी जास्त खाल्ली की म्हणायची, "मी कुठं खाती, माझ्यातला बंजारा खातो." कुठं लग्नात लमाणी बायांचा नाच सुरू झाला की हिचे पाय हलायचे, "बघा दादा, तुमचं रगत नाचून राहिलं!" एकदा देविदासची याडी, त्याची आई पेमा, तांड्यावरून आली होती. काचा लावलेला घागरा-चोळीचा, फेट्या-कांचळीचा, सगळा साज घातलेली, हाताला कोपरापर्यंत बांगड्या. जुन्या वळणाची म्हातारी; ह्या वस्तीत पाणी प्यायची नाही, हे देविदासला माहीत होतं, आणि रविंद्रलाही माहीत होतं, म्हणून कुणी तिला विचारलंच नाही. पेमा बराच वेळ निलमला मांडीवर घेऊन बसली. मग करुणाला म्हणाली, "ए पोरी, चहा न्हाई का करत? माझ्या लेकाचं रगत तुझ्यात, आता तुझामाझा कसला इटाळ ठिवायचा?" करुणा चुलीपाशी गेली आणि तिथंच पदरात तोंड खुपसून बसली. चहात साखर टाकायची राहिली. पेमा तसाच प्याली आणि गोड झालाय म्हणाली.

पण त्याच्याही मागं एक दिवस होता, आणि ह्या महिनाभरात देविदासला तोच जास्त आठवत होता. अठ्ठ्याऐंशी साल, दोघांची जोडी नवी. सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या फाट्यावर गाडी पंक्चर, भर दुपार, माणसं झाडाखाली पांगलेली. रविंद्रनं चाक बदललं, बाटली काढली, वरून घटाघट प्याला आणि अर्धी उरल्यावर थबकला. बाटली धड पुढं करेना, धड मागं घेईना. तहान लागलेला माणूस शेजारी बसलाय आणि द्यावी की नाही, हा हिशेब त्याच्या तोंडावर लिहिलेला होता. देविदासला तो हिशेब ओळखीचा. लहानपणी याडीबरोबर गावात जळण विकायला गेलं की पाटलाच्या ओट्याखाली ओंजळ धरून बसावं लागायचं, वरून कुणीतरी पाणी ओतायचं, आणि पिणाऱ्यानं वर बघायचं नसतं, नाहीतर डोळ्यांत जातं. वरून येणारं पाणी कसं लागतं हे त्याच्या ओंजळीला माहीत होतं. त्यानं बाटली रविंद्रच्या हातातून ओढून घेतली, तोंडाला लावली, खाली ठेवली ती रिकामीच. "तोंड लावलंस की बे!" रविंद्र म्हणाला. "मग काय नाकानं पिऊ?" त्यावर रविंद्र हसत सुटला, असा हसला की झाडाखालचे प्रवासी उठून बघायला लागले. त्या दिवसापासून दोघांचा डबा एक. ज्वारीची भाकरी इकडून, कालवण तिकडून. ह्या एका बाटलीवर सगळं उभं होतं, आणि देविदासनं वसमतला ते आपल्या हातानं पाडलं होतं. पण हे त्याला अजून कळलं नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण करुणाला जपतोय. उष्ट्यातून तिच्या पोरीला काही जायला नको. माणूस जपायला लागला की कधीकधी आंधळाच होतो.

नांदेडच्या डॉक्टरनं त्याला नीट समजावलं. तरुण होता, घाई नव्हती. म्हणाला, "पहिली चाचणी रोगाचा किडा बघत नाही मामा, किडा येऊन गेला तर अंग जे तयार करतं, ते बघते. शेतात पावलं दिसली म्हणजे डुक्कर आत आहेच असं नाही. येऊन गेलं असेल. नाहीतर पावलं दुसऱ्याच जनावराची असतील. तुमच्यासारख्या धडधाकट रक्त देणाऱ्यांत खोटी पावलंच पुष्कळ निघतात." मग खुद्द किडाच शोधणारी दुसरी चाचणी असते, ती मुंबईला होते, महिना तरी लागेल. त्यानं रक्त काढून घेतलं. विचारलं, कधी रक्त चढवलं होतं? गोंदलं होतं? सुया? देविदासला हसू आलं. सुया! गोंदणारी म्हातारी तांड्यावर यायची, एकाच सुईनं अख्ख्या आळीची पोरं गोंदायची. त्याच्या मनगटावरचा विंचू तिचाच, याडीनं त्याचं डोकं मांडीत दाबून धरलं होतं आणि तोंडात गुळाचा खडा कोंबला होता. सेनगावचा कंपाउंडर काचेच्या पिचकारीची सुई उकळत्या भांड्यात घालायचा, चिमट्यानं काढायचा, फुंकर मारायचा. ताप आला की मरणाची भीती त्या भांड्याच्या खदखदण्याची वाटायची आणि सुई टोचून झाली की याडी हॉटेलातून भजी घेऊन द्यायची. कशी चांगली लागायची ती भजी! यातल्या कुठल्या सुईनं घात केला असेल, हे शोधायला तो मागं मागं गेला आणि प्रत्येक सुईपाशी याडीच उभी, प्रत्येक सुईनंतर काहीतरी खाऊ. दोष कुणाला देणार? जाताना त्यानं विचारलं, "पाण्यानं, जेवणानं होतो का हो?" "अजिबात नाही. एका ताटात जेवा." ऐकलं त्यानं, मान हलवली. पण डॉक्टरच्या ताटात कुठं त्याच्या रक्तावर जगलेली बाई जेवत होती!

दुपारी रविंद्रची गाडी हिंगोलीला लागली की दोघं कंट्रोलरच्या खोलीमागं जेवायचे, देविदासची बदली झाल्यापासून ते ठरलेलं. बुद्ध पौर्णिमेनंतर रविंद्र आला, डबा उघडला, भाकरी मोडून पुढं केली. देविदासनं आपली भाकरी वेगळी घेतली. "पथ्य हाय." दुसऱ्या दिवशीही पथ्य. तिसऱ्या दिवशी रविंद्रनं हातातला घास डब्यात परत ठेवला. "कसलं पथ्य रे मास्तर?" "हाय असंच." "कंट्रोलर झाल्यावर लागतं काय असलं पथ्य?" देविदासला तो टोमणा वाटला बढतीचा, आणि तो कसनुसं हसला. त्यानंतर रविंद्र खोलीमागं आला नाही. माईकसमोरच्या खिडकीतून देविदासला त्याची गाडी दिसायची, आणि स्टिअरिंगच्या आडून एकटाच जेवणारा रविंद्र दिसायचा. देविदास गाडी पुकारायचा, "वसमतमार्गे नांदेड," आणि खिडकीकडं पाठ करायचा. घरी शकुंतलाला, बायकोला, त्यानं सगळं सांगितलं होतं; ती रोज मागं लागलेली, "सांगून का न्हाई टाकत ओ त्या पोरीला? तिचंच रगत हाय ते, तिला नको का कळाया?" "कागद येऊ दे. मग सांगू." "आन् कागद वाईट आला तर?" त्यावर तो वर्तमानपत्र उघडायचा. कारण कागद वाईट आला तर काय, ह्याच्यापुढं त्याचं डोकं जातच नव्हतं. करुणाच्या अंगात आपणच साप सोडला असेल, ती थट्टा, तो नाच, ती लाल चटणी, सगळ्याखाली तो दहा वर्षं गुपचूप बसला असेल, एवढ्यावर येऊन ते थांबायचं.

कागद आला. किडा नव्हता. डॉक्टरनं दोनदा वाचून दाखवलं; बहुतेक पहिली चाचणीच खोटी होती, म्हणाला. "बहुतेक?" "आला असेल आणि आपसूक गेला असेल, असंही एक असतं. पण मला तसं वाटत नाही. जा, पेढे वाटा." देविदासनं पेढे घेतले, नांदेडहून सरळ वसमतची गाडी धरली. असा हलका तो किती दिवसांत झाला नव्हता. कंडक्टरशी गप्पा मारल्या, शेजारणीचं रडतं लेकरू मांडीवर घेतलं. करुणा हसेल, पाठीत धपाटा घालील, म्हणेल, एवढंच व्हय! खीर मागायची, तळाला लागलेली असली तरी.

दार करुणानंच उघडलं. रविंद्र आत होता, सुट्टीचा दिवस, त्यानं "ये" म्हटलं आणि पंख्याकडं बघत बसला. करुणा पाणी घेऊन आली. तांब्या नव्हता. लग्नात असतो तसला प्लास्टिकचा पांढरा गिलास, वापरा आणि फेका. तिनं तो त्याच्या हातात दिला नाही, समोर स्टुलावर ठेवला. "नवा हाय," ती म्हणाली, "आमच्यात कुणाचं तोंड लागलेलं न्हाई. खुशाल प्या." देविदासनं गिलासाकडं बघितलं, मग रविंद्रकडं, मग पुन्हा गिलासाकडं, आणि त्या क्षणी सगळं त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं: वरून प्यालेलं पाणी, परत ओतलेली वाटी, कंट्रोलर झाल्यावर लागणारं पथ्य. अरे देवा! "करुणा," तो म्हणाला, "अगं, ते न्हाई... तसं न्हाई ते..." आणि पेढ्यांचा पुडा, कागद, सगळं एकदम तिच्या पुढ्यात टाकून तो बोलत सुटला. एप्रिलचं शिबिर, पडद्यामागची बाई, दहा वर्षं, पावलं, जनावर, मुंबई. रविंद्र उठून उभा राहिला होता. "आन् हे तू मला सांगितलं न्हाई?" तो एवढंच म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड केलं.

करुणानं कागद उचलला नाही. "म्हंजी, माझ्यात तुमच्यामुळं रोग गेला असंल, ह्याची भीती वाटली तुमाला." "व्हय." "म्हणून वरून पाणी प्याले." "व्हय गं. कागद चांगला आला, आता..." "कागद वाईट आला असता तर आला असता का तुमी?" देविदासनं वाकून पुढ्यातला पेढ्यांचा पुडा नुसता सरळ केला. ते बघून तिचे डोळे भरले. "मला विचारायचं होतं, दादा. दोन साल झाले मी रगत देऊन राहिले. वसमतला बायांचं शिबिर असतंय. तुमचंच बघून द्यायला लागले. तुमाला सांगितलं न्हाई, म्हणलं ओरडताल, एवढी मरता मरता वाचली आन् आता रगत वाटती म्हणून. ती तपासणी माझी बी व्हती की. सांगितलंय मला तिथल्या सायबानं, त्याच काविळीची. काही न्हाई निघालं. तुमचं रगत चांगलंच व्हतं. पयल्या दिवशी विचारलं असतं तर पयल्या दिवशीच सांगितलं असतं." देविदास खाली बसला, फरशीवर, स्टुलाशेजारी. मुंबईला गेलेल्या त्या रक्ताचं उत्तर महिनाभर ह्या घरात, ह्या बाईच्या अंगात हिंडत होतं, भाकऱ्या थापत होतं.

"रोग असता तर मी ठिवून घेतला असता," करुणा म्हणाली. "तुमीच दिलेल्या जिवाला लागला असता, दुसऱ्या कुणाच्या न्हाई. पण हे दुसरं, जे म्या महिनाभर समजून बसले, ते मला ठिवून घेता येत नव्हतं दादा. रोज भांडी घासताना मी त्या तांब्याकडं बघायची." तिनं प्लास्टिकचा गिलास उचलला, पाणी मोरीत ओतलं, आत गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला, माठाचं झाकण सरकल्याचा आवाज आला. ती तांब्या भरून घेऊन आली आणि ह्या वेळी त्याच्या हातात दिला, आणि समोर उभी राहिली. रविंद्रही भिंतीकडून वळला. देविदासनं दोन्ही हातांनी तांब्या धरला. तो थंडगार होता, काठाला एक जुना पोचा होता, त्याच्या ओठांच्या ओळखीचा. दोघंही त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि पाणी संपेपर्यंत काढला नाही.